तिसऱ्या खांबाजवळची जागा

पाटोद्याच्या आमच्या मामांनी बीड जिल्ह्यातली निम्मी माणसं नोकरीला लावली आणि उरलेल्या निम्म्यांना नोकरी कशी शोधावी ते शिकवलं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. या दोन्ही निम्म्यांत न बसणारा जिल्ह्यात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे खुद्द मामा. नोकरी मिळवणं त्यांना जितकं सोपं जाई, तितकंच ती टिकवणं अवघड. कुठल्या कचेरीतला कोणता मुन्शी यंदाचा उन्हाळा काढणार नाही, कोणत्या दारोग्याची बदली ठरली आहे, कोणत्या कारकुनाच्या बायकोला माहेरच्या गावाची ओढ लागली आहे, हे सगळं त्यांच्या जिभेवर असे. रस्त्यात एखाद्या कारकुनाला खोकल्याची उबळ आली की बाकीचे लोक बाजूला सरत, मामा थांबून विचारत, "किती दिस झाले?" त्या विचारण्यात काळजी खरीखुरी असे, हेही सांगितलं पाहिजे, कारण पाठोपाठ ते अडुळशाचा काढा कसा करायचा तेही सांगत. काढ्यानं कारकून बरा झाला की एक जागा हातची गेली म्हणून मामा दोन दिवस थोडे उदास दिसत.

ते माझ्या आईचे मावसभाऊ. राजवट निजामाची, तिला आम्ही मोगलाई म्हणत असू. कचेरीचं सगळं कामकाज उर्दूत चाले आणि सुट्टी शुक्रवारी असे. या मोगलाईतलं एकही खातं मामांनी शिल्लक ठेवलं नव्हतं. सरहद्दीवर मालाची जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या नाक्यावर ते होते, जंगलखात्यात होते, आबकारीत होते, टपालात होते, जमिनीच्या मोजणीत साखळी धरायला होते, एका वकिलाचे मुन्शी होते, गेवराईकडे कापसाच्या जिनात होते आणि मधे काही महिने मदरशात मुलांना हिशेब शिकवायलाही होते. या सगळ्यांना एकच शेरवानी पुरली. शेरवानीच्या खाली मात्र ते धोतरच नेसत. कुणी हसलं तर म्हणत, "साहेब मेजाच्या वरचंच बघतो. खालचं बघायला घरची मान्सं हायेत."

सोडली का म्हणून विचारलं, तर कारण नेहमी तयार असे. आबकारीत मोहाच्या वासानं डोकं उठे. मदरशात छडी उचलवेना, आणि छडीवाचून पोरं त्यांच्याच पाठीवर बसायची. मोजणीतल्या साखळीबद्दल ते म्हणत, की जन्मभर एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाशी ओरडून बोलायचं, हा काही संसार नव्हे. जिनातली नोकरी सोडली तेव्हा मात्र "माझ्यापक्षा दुसरा बरा हाय तिथं," एवढंच बोलले. तो दुसरा म्हणजे माग बंद पडलेला, दोन मुलींचा बाप असलेला एक कोष्टी. नाक्यावर त्यांच्यामागून लागला तो परांचीवरून पडून एक हात मोडलेला गवंडी. त्याला मामांनीच तयार केलं होतं आणि गोणी मोजायला एक हात पुरतो हे दारोग्याला पटवूनही मामांनीच दिलं होतं. आम्ही घरची मंडळी यावरून इतकंच समजलो, की मामांना गोडी मिळवण्याची, करण्याची नाही. मावसभावाच्या पायाला भिंगरी आहे, असं माझ्या आईचं ठाम मत होतं आणि ते तिनं मामांना तोंडावरही ऐकवलेलं होतं.

एकदा त्यांना इंग्रजी मुलखात नोकरी करून बघायची लहर आली. पाटोद्याहून नगरचा मुलूख तसा लांब नाही. शेरवानी गाठोड्यात बांधून मामा पायी निघाले, मुक्काम करत करत बरोबर एका रविवारी तिथल्या कचेरीसमोर जाऊन उभे राहिले, आणि बघतात तर कचेरीला कुलूप. तिकडे सुट्टी रविवारी असते हे मोगलाईत वाढलेल्या माणसाला कुठून सुचणार? सोमवारपर्यंत थांबावं, तर ते मामांच्या तत्त्वात बसेना. बंद दारापुढे थांबलेला माणूस कुणी पाहिला की त्याची किंमत उतरते, असं त्यांचं म्हणणं. मग ते तसेच मागे फिरले, वाटेत एका ओळखीच्याच्या लग्नाला थांबले आणि जुन्या जागेची पुन्हा चौकशी करावी म्हणून पाटोद्याच्या कचेरीपाशी पोचले तो शुक्रवार. एका आठवड्यात दोन राज्यांच्या दोन सुट्ट्या पदरात पडलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. ही हकिगत ते स्वतःच रंगवून सांगत आणि शेवटी म्हणत, "जायच्या आधी कुलपाचा वार इचारावा. हे मला कुनी शिकवलं न्हाई, मी तुमाला शिकवतो."

मामी या सगळ्याला सरावली होती. नोकऱ्या ती चुलींवर मोजी. दर गावी नवी चूल घालावी लागे, म्हणून कुणी विचारलं तर ती सांगे, "ही माझी चौदावी." तोंडानं तिनं मामांना कधी बोल लावला नाही. मात्र तिच्या परसात मेथी, कोथिंबीर, माठ यांच्याखेरीज काही नसे. महिन्याभरात हाताशी येईल तेवढंच ती पेरी. तिला हौस होती लिंबोणीची. स्वतःच्या अंगणातल्या लिंबांचं लोणचं घालायचं, एवढीच त्या बाईची आयुष्याकडे मागणी. पण लिंबोणीला फळ धरायला चार वर्षं लागतात, आणि चार वर्षं एका गावात राहणं तिच्या नशिबी आलं नव्हतं. चौदाव्या चुलीपाशी, पाटोद्यात, तिनं एका फुटक्या घागरीत लिंबाचं बी रुजवलं होतं. रोप वीतभर वाढलं होतं. मामांना पक्की जागा मिळाली की ते जमिनीत लावायचं, असं नवराबायकोचं ठरलेलं होतं.

मी मामांकडे गेलो तो या वेळेला. मी मोमिनाबादच्या छावणीत घोड्यांच्या दाण्याच्या कोठारावर मापारी होतो. छावणी उठली, घोडे गेले, आणि घोडे गेल्यावर दाणा मापणाऱ्याला कोण विचारतो? तेवीस वर्षांचा होतो. वडील नव्हते, आई गावी एकटी होती, आणि उमापूरच्या एका मुलीशी माझी सुपारी फुटलेली होती. मुलीचे वडील सभ्य गृहस्थ. त्यांनी काहीही न बोलता लग्नाची तिथी अक्षय्यतृतीयेपर्यंत पुढे ढकलली होती. त्या न बोलण्याचा अर्थ मला कळत होता. मी मामांच्या ओसरीवर बसून हे सगळं सांगितलं आणि म्हणालो, "मामा, मी मापारी. मापाऱ्याला आता कुठं जागा आहे?"

"मापारी हायेस असं कावून सांगतोस?" मामा म्हणाले. "तू कोन हायेस ते कुनी इचारत न्हाई, बाबा. तुला काय काय येतं ते सांग."

मी विचार करून सांगितलं, की छावणीत राहून उर्दू बोलता येतं, थोडं लिहिता-वाचता येतं, दिवसाला शंभर माणसांशी न भांडता वागता येतं आणि लिहिलेलं कधी चुकत नाही.

"मग नकलनवीस हायेस तू," मामा म्हणाले. "उगाच दाण्यात हात घालून बसला होतास."

नकलनवीस म्हणजे कचेरीतल्या हुकमांच्या, अर्जांच्या नकला करणारा. पाटोद्याच्या तहसील कचेरीत तो एकच होता, म्हातारा होता, आणि त्याची जागा रिकामी होण्याची वाट खुद्द मामाच बघत होते. त्या काळी कचेरीत शिरायचं तर उमेदवारी करावी लागे. बिनपगारी वऱ्हांड्यात बसायचं, पडेल ते लिहून द्यायचं आणि जागा निघेपर्यंत कळ काढायची. मामा दीड वर्ष तिसऱ्या खांबाजवळ बसत होते. चटई त्यांची, दौत त्यांची, बोरूचे कलम त्यांचे. म्हाताऱ्या नकलनविसाचं निम्मं काम या खांबाजवळच उरके. पन्नाशी उलटली होती त्यांची. ही जागा मिळाली असती तर ती शेवटची ठरली असती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. "आपन बीडच्या कचेरीत बघू तुझं," ते म्हणाले, "तवर माझ्याजवळ बसून हात वळवून घे." मी त्यांच्या चटईच्या कडेला बसलो.

चार महिने त्यांनी मला घडवलं. पहिला धडा पाण्याचा. नव्या कचेरीत गेलं की नोकरी मागायची नाही, पाणी मागायचं. पाणी देणारा माणूस तुम्ही पिऊन होईपर्यंत तिथेच उभा राहतो, आणि तेवढ्यात निम्मी कचेरी कळते. दुसरा धडा चपराशाचा. साहेबाला सलाम सगळेच करतात, दाराशी बसणाऱ्या थोरल्या चपराशाची, जमादाराची, विचारपूस कोण करतो? पाटोद्याच्या कचेरीचे जमादार म्हातारे होते, सगळे त्यांना जमादारचाचा म्हणत, आणि त्यांच्या गुडघ्याला कोणतं तेल चालतं हे मामांना पाठ होतं. तिसरा धडा कलमाचा. आपल्यापाशी तासलेला एक कलम नेहमी जास्तीचा ठेवायचा, कारण दुसऱ्याचा मोडतो तेव्हाच त्याला आपलं नाव कळतं. सोडताना भांडून सोडायचं नाही, लग्नघरातून निघावं तसं पान-सुपारी घेऊन निघायचं, म्हणजे परतायची वाट मोकळी राहते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, साहेबानं काही विचारलं की उत्तर लगेच द्यायचं. "थांबला त्यो गेला," मामा बोरू तासता तासता म्हणत. "थांबलं की साहेबाला वाटतं, ह्याचं मन दुसऱ्या गावाला हाय."

नवसासायासांचा मात्र त्यांना तिटकारा होता. जागेसाठी मी नारायणगडाला जाऊन यावं असं आईनं कळवलं, तेव्हा मामा कधी नव्हे ते चिडले. "देवाला नोकरीचा तरास देऊ न्हाई. त्याच्या दारात आधीच लई उमेदवार बसलेत."

बीडच्या कचेरीत माझं काही जमलं नाही. तिथे मी पाणीही मागितलं, चपराशाची विचारपूसही केली, पण आधीच सात जण तेच करत होते, आणि त्यातल्या तिघांना ते मामांनीच शिकवलेलं होतं. परत येऊन मी हे सांगितलं तेव्हा मामा हसले, पण फार वेळ नाही. अक्षय्यतृतीया महिन्यावर आली होती.

मग एका बुधवारी मामा मला म्हणाले, "मी चार दिस नारायणगडाला जाऊन येतो. तवर माझ्या जागेवर बस. जागा थंड पडू देऊ नको." मामीनं दशम्या बांधून दिल्या. हा माणूस देवाला अर्ज करू नये म्हणून आमच्यावर चिडलेला, आणि आता स्वतः गडावर निघालेला. याचं मला नवल वाटायला हवं होतं. मला वाटलं, वय झालं. मी त्यांच्या चटईवर, खांबाला पाठ लावून, त्यांच्या दौतीत त्यांचाच कलम बुडवून लिहीत बसलो.

गुरुवारी म्हातारा नकलनवीस कचेरीचा निरोप घेऊन परभणीला मुलाकडे गेला. शुक्रवारी सुट्टी होती. शनिवारी सकाळी तहसीलदारसाहेब वऱ्हांड्यात आले. ते नवे होते, येऊन पंधरा दिवस झाले होते, आणि तोवर बाहेर फिरकलेच नव्हते. उमेदवार बसतात कुठे, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या हातात चार-पाच नकला होत्या. लिहिणाऱ्याचा हात त्यांना आवडला होता, आणि तिसऱ्या खांबाकडून हे कागद येतात एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. नकला मामांच्या होत्या, मी त्या लांबूनच ओळखल्या. साहेब माझ्यापुढे थांबले, चटईकडे, दौतीकडे, तासून ओळीनं मांडलेल्या कलमांकडे त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "ये जगह किसकी है?"

"मेरी," मी म्हणालो.

लगेच म्हणालो. मामांनी शिकवलं होतं तसं, एक श्वासही मधे न जाऊ देता. साहेबांनी एक हुकूम लिहायला दिला. चार महिने मी मामांच्या हाताखाली हात वळवला होता, माझी अक्षरं त्यांच्यासारखीच वळत होती. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले आणि मान हलवली. जमादारचाचा दाराशी उभे होते. ते माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी नकलनवीस झालो, आणि त्या दिवशी घरी न जाता नदीच्या कडेनं दिवेलागणीपर्यंत फिरत राहिलो. मला आनंद झाला होता, आणि तो झाला याचीच लाज वाटत होती.

मामा सोमवारी परतले ते थेट कचेरीत आले. मी आत, मेजाशी, खुर्चीवर. त्यांनी प्रसादाचा नारळाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, माझा कलम उचलून उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "टोक लई बारीक ठेवलंस. सरकारी कागदाला जाड लागतं." मग कनवटीचा चाकू काढून तो नीट तासून दिला. वऱ्हांड्यातली चटई गुंडाळून ते घरी गेले. मी काय बोललो, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पंधरा दिवसांत त्यांना केजकडे कुठंशी नोकरी मिळाली. नोकरी मिळायला त्यांना कधीच वेळ लागला नाही. निघायच्या दिवशी मामीनं परसातली मेथी उपटून शेजारणींना वाटली आणि ती फुटकी घागर माझ्या दाराशी आणून ठेवली. "तू आता हितंच राहनार," ती म्हणाली. "अंगनात लाव. पानी रोज घाल, पर लई न्हाई." तिच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. अक्षय्यतृतीयेला माझं लग्न झालं, मामा-मामी आली, पंगतीत मामांनी शेजारच्या पानावरच्या एका बेकार माणसाला पाण्याचा धडा दिला, आणि दुसऱ्या दिवशी दोघं पंधराव्या चुलीकडे गेली.

चौथ्या वर्षी लिंबोणीला फळ आलं. तेव्हापासून दर हंगामात मी लिंबं पाठवत आलो, कधी कुणाच्या गाडीत, कधी कुणाच्या पडशीत, आणि पत्ता बहुतेक वेळा वेगळा. सोबत काही लिहावं असं दर वेळी मनात येई. त्या एका शब्दाबद्दल लिहायचं होतं. नकलनविसाला दुसऱ्याचं लिहायची सवय, स्वतःचं काही सुचत नसे.

जमादारचाचा नोकरीतून निघाले त्या दिवशी मी त्यांना कचेरीच्या पायऱ्या उतरायला हात दिला. तिसऱ्या खांबाशी ते थांबले. मीच म्हणालो, "चाचा, त्या शनिवारी तुम्ही सगळं ऐकलं होतं. साहेबांना काही बोलला नाहीत."

"मला बोलायचं कामच नव्हतं," चाचा म्हणाले. "मामा तुमचे बुधवारी मला सांगून गेलते. शनिवारी साहेब बाहेर येनार, हे आमाला दोघाला बी मालूम होतं. मामा बोलले, भाचा माझं नाव घ्यायला लागला, तर तुमी जोरात खोका." चाचांनी गुडघा चोळला. "मी खोकायला तयार हुभा होतो. तुमी जरूरतच पडू दिली न्हाई."

चाचांच्या मनात टोमणा नव्हता. पण ते गेल्यावर मी बराच वेळ त्या पायरीवर बसून राहिलो. कोष्टी आठवला, एका हाताचा गवंडी आठवला, आणि त्यांच्या रांगेत माझी जागा कोणती ते कळलं. पायाला भिंगरी आहे म्हणून आम्ही जन्मभर ज्यांना हसलो, ते मामा आपल्या खालची खुर्ची काढून देत फिरत होते. आणि मामीला ते माहीत होतं. दशम्या तिनंच बांधल्या होत्या.

रजा काढून मी लिंबांची पिशवी घेऊन निघालो. मामा-मामी तेव्हा माझ्या सासुरवाडीला, उमापुरातच होती. मामी ती एकविसावी चूल म्हणे. मामांना आता नीट दिसत नव्हतं, पण ओसरीवर दोन माणसं बसलेली होती आणि मामा त्यांना कुठल्या कचेरीत कोण खोकतंय ते सांगत होते. ती माणसं उठून गेल्यावर मी इतक्या वर्षांचं एकदाचं बोललो. "मामा, साहेबांनी विचारलं होतं, ही जागा कुणाची. मी माझी म्हणालो."

मामांनी मान माझ्याकडे वळवली. "इचारल्याबरुबर म्हनलास, का थांबून?"

"विचारल्याबरोबर."

"मग बराबर हाय," मामा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मला तेवढीच भीती होती. थांबला असतास, तर दोघांची बी गेली असती."

मामी आतून आली, तिनं पिशवीतलं एक लिंबू घेतलं, नखानं साल टोचून वास घेतला आणि म्हणाली, "साल पातळ हाय. लोनच्याला बेस." लिंबू हातातच ठेवून ती माझ्याजवळ बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सावली किती पडतीय रे झाडाची आता?"

मी उठलो आणि ओसरीवर चार पावलं चालून दाखवली. मामी त्या चार पावलांच्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली.